दिवाडीला गोतावळा न्यायचा तर

माझ्या माहेरचे लोक मे महिन्यात गोव्याला येतात तेव्हा त्यांच्या डोक्यात फक्त समुद्र असतो. सांगलीहून निघतानाच पोरांच्या पिशवीत बादली-फावडे आणि दादाच्या मोबाईलमध्ये कळंगुटच्या हॉटेलांचे भाव. मला दिलीय डिचोलीला. मे महिन्यात किनाऱ्यावर गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात आम्ही नार्व्याच्या फेरीधक्क्यावरून पलीकडे दिवाडीला उतरून चहा मागवलेला असतो. म्हणून मी सगळ्यांना मांडवीतल्या या बेटावरच नेते, दोन रात्रींसाठी. पहिल्या संध्याकाळी कुरकुर असते. दुसऱ्या संध्याकाळी "अजून एक दिवस राहू या का गं?" असे वहिनीच विचारते.

तुमचाही असाच गोतावळा असेल, दोघीतिघी गुडघेदुखीवाल्या, चार शाळकरी पोरे आणि एखादा सगळे माहीत असलेला गाडीवाला, तर पुढचे वाचा. नवरा-बायको दोघेच जाणार असाल तर एवढ्या तयारीची गरज नाही. स्कूटर घ्या आणि निघा.

आधी पाणी बघा, मग घड्याळ

दिवाडीला पूल नाही. जुने गोवे, रायबंदर आणि नार्वे अशा तीन बाजूंनी फेरीबोट जाते, आणि तुमचा सगळा बेत या तीन धक्क्यांवर उभा राहतो. बोट पाच-दहा मिनिटांत पलीकडे जाते, पण ती सुटण्याची वाट बघण्यात किती वेळ जाईल हे गर्दीवर आणि ओळीत तुमच्यापुढे किती गाड्या आहेत त्यावर. शेवटची फेरी किती वाजता हे उतरल्याउतरल्या धक्क्यावरच विचारून घ्यावे. मोबाईलवर शोधत बसू नये.

त्याहून महत्त्वाची भरती-ओहोटी. पूर्ण ओहोटीला धक्क्याचा उतार खालपर्यंत उघडा पडतो, वर शेवाळ असते, आणि ठासून भरलेली बुटकी गाडी बोटीच्या फळीवर चढताना नाक घासते. आमच्याकडची जुनी माणसे पंचांग बघून सांगतात: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. म्हणजे दशमीला साडेसातला, सकाळी आणि संध्याकाळीही. त्यातून साधारण सहा तास पुढे गेलात की ओहोटी, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास. कृष्णपक्षातही तिथी पुन्हा प्रतिपदेपासूनच मोजायची. दिवाडी समुद्रापासून आत आहे, त्यामुळे थोडा उशीर धरावा. हा अंदाज झाला, पण गाडी कधी चढवायची हे ठरवायला पुरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी चढतेही जास्त आणि उतरतेही जास्त. भरलेल्या गाडीने जायचे असेल तर त्या दिवसांत ओहोटीची वेळ टाळा.

दादाला हे सांगितले होते. "माझी गाडी मी बघतो," म्हणाला. डिकीत सांगलीहून आणलेली हळद, बेदाणे, दोन गाद्या आणि आत्याचा स्टोव्ह. खलाशी हात हलवून "सवकास, सवकास" ओरडत होता, तेवढ्यात खालून जो आवाज आला तो ऐकून वहिनीने डोळे मिटले. बंपरचा एक कोपरा सुटला. सुतळीने बांधून सांगलीपर्यंत गेला. तेव्हा साधा नियम: चालवणारा सोडून बाकी सगळ्यांनी धक्क्याच्या वर उतरायचे आणि चालत बोटीत शिरायचे. गाडी हलकी होते, म्हाताऱ्या माणसांना बाजूचा बाक मिळतो आणि पायी जाणाऱ्याला तिकीटही लागत नाही.

बेळगावकडून चोर्ला घाटाने येणार असाल तर साखळी, डिचोली, नार्वे असे या. कोल्हापूर-सांगलीच्या लोकांना ही वाट सोयीची, आणि तिच्यात एक मोठा फायदा आहे: नार्व्याला सप्तकोटेश्वराचे दर्शन होते. कदंब राजांचे हे कुलदैवत मुळात दिवाडीवरच होते. पोर्तुगीजांनी तिथले देऊळ पाडले, देव नदी ओलांडून इकडे आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला. तसा शिलालेख दारावर आहे. महाराजांचे नाव ऐकल्यावर सांगलीची पोरे चप्पल काढायला भांडत नाहीत, हा माझा अनुभव. दर्शन घेऊन फेरीने पलीकडे उतरलात की दिवाडीच्या जुन्या नार्व्यात कोटितीर्थाची तळी आहे, मूळ देवळाच्या जागेची आठवण. देव ज्या वाटेने इकडे आला त्याच वाटेने आपण तिकडे जातो, असे आईला फार वाटते. ती बोटीत हात जोडूनच बसते.

घर घेताना

बेटावर जुनी घरे राहायला मिळतात: लाल कोबा, शिंपल्यांची तावदाने आणि पुढे बल्कांव, म्हणजे दोन्ही बाजूंना बसायचे कट्टे असलेला ओटा. फोटो बघून जीव हरखतो. पण घरमालकाला पहिला प्रश्न खोल्या किती हा न विचारता संडास किती हा विचारा. दुसरा, आवारातल्या विहिरीला कठडा आणि झाकण आहे का. तिसरा, वीज गेली तर पाण्याचा पंप कशावर चालतो. मेच्या शेवटी वळवाचा पाऊस आला की वीज जाते. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी व्हायच्या असताना ती गेली की घरात किती पंथ आहेत ते कळते. रात्रीच बादल्या भरून ठेवा.

औषधे, आत्याचे उपासाचे सामान, मुलांचे दूध, डासांचे मलम आणि रोख पैसे हे सारे अलीकडूनच न्यावे. पेट्रोलही. बेटावर दुकाने आहेत, पण दुपारी ती झोपतात आणि त्यांना उठवू नये. भाजी डिचोलीच्या बाजारातून घ्या. मानकुराद आंबे मात्र बेटावर विचारून बघा, एखाद्या बागवाल्याकडे हमखास मिळतात. हापूसवाल्यांशी मी वाद घालत नाही. पानात मानकुराद ठेवते आणि गप्प बसते.

मासळीसाठी बाजार धरून बसू नका. सकाळी मासे घेऊन फिरणारी बाई येते आणि नदीचे काय मिळाले ते तिच्या टोपलीत असते. जूनच्या पहिल्या तारखेपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते, तेव्हा तर नदीच्या मासळीवरच भिस्त. शाकाहारी माणसांची काळजी कोणी करत नाही, म्हणून ती मी करते: अळसांद्याचे, म्हणजे चवळीचे, तोंडाक ही उसळ, सोलकढी आणि पोया, म्हणजे कोंडा लावलेले गोव्याचे पाव. एवढ्यावर आत्या दोन दिवस आनंदात राहते.

माणसे हरवतात ती धक्क्यावर

जुने गोवे समोरच. व्हॉइसरॉयची कमान ओलांडली की फेरी, आणि कमानीतून वर चालत गेलात की बॉम जेझूचे चर्च. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर हे उरकावे, ऊन चढायच्या आत. फक्त नोव्हेंबरच्या शेवटी जाऊ नका. ३ डिसेंबरला सेंट झेवियरचे फेस्त असते, त्याआधी नऊ दिवस प्रार्थना, आणि तेव्हा हा धक्का माणसांनी फुलून गेलेला असतो.

आमची आत्या इथेच हरवली. परतताना सगळे उसाचा रस पीत होते, भाचा फोटो काढत होता. आत्याशेजारी एक मासेवाली उभी होती, ती बोटीकडे निघाली तशी आत्याही निघाली. बोलणे चालू होते ना! बोट सुटली. घराची किल्ली आत्याच्या बटव्यात, आत्याचा मोबाईल वहिनीच्या पर्समध्ये. वहिनी रडायला लागली, दादा खलाशांच्या नावाने ओरडू लागला, आणि आमचे हे म्हणाले, "कुठे जाणार आहे? बेट आहे ते." आत्या पलीकडे उतरलीच नाही. त्याच बोटीने बसल्या जागी परत आली आणि येताना तिसऱ्यांचा, म्हणजे शिंपल्यांचा, भाव, मासेवालीच्या लेकीला बघायला आलेल्या स्थळाची माहिती आणि तिने दिलेली ओली मिरची घेऊन आली.

तेव्हापासून आमच्याकडे कायदा आहे, तुम्हीही करा. चुकामूक झाली तर जो बोटीत असेल त्याने बोटीतच बसावे आणि जो धक्क्यावर असेल त्याने धक्क्यावरच थांबावे. दोन्हीकडचे एकमेकांना शोधायला निघाले की रात्र होते. किल्ली चालकाकडे. म्हाताऱ्या माणसाच्या बटव्यात फोन नंबरांची चिठ्ठी. चढण्याआधी डोकी मोजायची, आणि मोजणारा एकच माणूस हवा. तिघे मोजतात तेव्हा आकडे तीन निघतात.

या प्रकाराचा फायदा असा झाला की संध्याकाळी पोरांना फेरीचेच वेड लागले. एका मोठ्या माणसासोबत त्यांना पायी बोटीत बसवायचे, पलीकडे न्यायचे, परत आणायचे, पुन्हा न्यायचे. बादली-फावड्याची कोणाला आठवण नाही.

नदीत मात्र उतरू देऊ नका, पाय बुडवायलाही नाही. मांडवीत खनिज वाहून नेणाऱ्या बार्जा चालतात, पाण्याला ओढ असते, आणि जवळच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. हे पोरांना आदल्या रात्री सांगावे. सकाळी सांगितले तर त्यांना मगर बघायलाच जायचे असते.

उन्हाचे आणि चिखलाचे

बेटाचा सखल भाग म्हणजे खाजन: खारे पाणी बांध घालून अडवलेली भातशेती. बांधाला मानस असते, म्हणजे लाकडी दारे. भरतीचे पाणी दाबले की ती मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. पोराला विज्ञान शिकवायचे असेल तर ओहोटीत पाणी उतरत असताना इथे आणून उभे करा, दारे हलताना दिसतात. हात लावू नका, मासे धरू नका. मानसीवरच्या मासेमारीचा लिलाव झालेला असतो आणि तो घेणारा माणूस जवळपास असतोच. पूर्वी या जमिनीत कोरगुट नावाचे खारट पाणी सोसणारे भात सगळीकडे असे. मिळाले तर त्याची पेज करून बघा.

खाजनातल्या रस्त्यावर सावली नाही. नऊनंतर म्हाताऱ्यांना तिथे नेऊ नये, संध्याकाळी पाचच्या पुढे न्यावे. आणि पाय बांधावरून खाली टाकायचा नाही. एक नांगी मोठी असलेले खेकडे आणि उड्या मारणारे निवट्या मासे बघून भाचा खारफुटीत शिरला आणि मांडीपर्यंत गेला. बाहेर काढला, त्याची नवी सँडल आत राहिली. चिखलात रुतलेल्याला हात धरून ओढू नये. त्याला मागे रेलायला सांगून एकेक पाय हळूहळू मोकळा करायचा. नळीखाली धुतल्यावर दोन दिवस त्याला कोणी जवळ घेईना.

पियेदादच्या टेकडीवरचे चर्च मात्र चुकवू नका. वरून दोन्ही बाजूंची नदी दिसते, आणि शेजारच्या स्मशानभूमीतल्या चॅपेलमध्ये कदंबकालीन कोरीवकाम टिकून आहे. गाडी वरपर्यंत जाते. मे सोडून यायचे जमत असेल तर ऑगस्टचा चौथा शनिवार धरा. त्या दिवशी बोंदेरा असतो, झेंड्यांची मिरवणूक आणि चित्ररथ. पण तेव्हा गाडी अलीकडेच ठेवून पायी बोटीत चढा. पक्षी बघायचे असतील तर चोडण बेटावरचे सालिम अली अभयारण्य, तेही हिवाळ्यात. होडीने आतल्या खाड्यांत शिरायला भरती लागते, तर चिखलात चरणारे पक्षी ओहोटीला दिसतात, त्यामुळे पाणी ओसरायला लागतानाची वेळ साधा. रायबंदरहून तिथली फेरी वेगळी आहे. चुकून दिवाडीच्या बोटीत चढू नका. आमचे एक पाहुणे चढले आणि दिवसभर सालिम अली कुठे म्हणून विचारत फिरले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत येईल, तेव्हा त्याला सकाळच्या जादा पोया सांगून ठेवा. आयत्या वेळी मागितल्या तर मिळत नाहीत, त्याचा हिशेब घराघराचा ठरलेला असतो. कोंडा झाडून कापडात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये भरू नका. चोर्ला घाट उजेडी चढायचा असेल तर दुपारची फेरी धरा, मात्र तिथी बघून. सांगलीला पोचल्यावर उरलेल्या पोया तव्यावर पाण्याचा हबका मारून भाजायच्या. वहिनी त्या तुपात बुडवून खाते, आणि मी फोनवर काही बोलत नाही.