बिनगिअरच्या स्कूटरचा गिअरबॉक्स

"हिला कुठे आलाय गिअर?" असं म्हणत आपण स्कूटरचं इंजिन ऑईल वेळच्या वेळी बदलतो आणि मागच्या चाकाला चिकटलेल्या गिअरबॉक्सकडे ढुंकूनही बघत नाही. ऐंशीच्या दशकात किनेटिक होंडा आली तेव्हापासून हा गैरसमज चालत आलाय. गिअर बदलायचा दांडा नाही, एवढंच खरं. त्याचं काम डाव्या बाजूच्या लांबट कव्हराखाली एक बेल्ट, दोन पुल्या आणि सहा रोलर करतात.

इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर फेकले जातात आणि पुलीच्या दोन थाळ्या जवळ येतात. मग बेल्ट वर चढतो. तोच बेल्ट मागच्या पुलीत स्प्रिंगला दाबत खाली उतरतो, म्हणजे गिअर आपोआप वरचा पडतो. मागच्या पुलीवर क्लच असतो. इंजिन पुरेसं फिरलं की त्याचे शू, म्हणजे घासून पकड घेणारे तुकडे, फाकतात, बाहेरच्या वाटीला धरतात आणि तेलात बुडालेल्या छोट्या गिअरांतून चाक फिरतं.

तर आधी हे तेलच बदलू, कारण ते कुणालाही जमण्यासारखं आहे. गाडी पाच मिनिटं चालवून गरम करा आणि सपाट जागी मेन स्टँडवर घ्या. मागच्या चाकाजवळ, गिअरबॉक्सच्या तळाशी ड्रेन बोल्ट असतो आणि वर भरायचा बोल्ट. आधी वरचा बोल्ट सोडवा. तो गंजून अडकला असेल आणि तळातून तेल आधीच काढून टाकलं असेल, तर पंचाईत होते. तेल भांड्यात निथळू द्या आणि बोटावर घेऊन उजेडात बघा. थोडी करडी झाक चालते. चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. लोखंडाचे कण टोचले तर बेअरिंग किंवा गिअर गेलाय, मग गॅरेज गाठा.

बहुतेक स्कूटरना १०० ते १२० मिली तेल पुरतं. कुठलं, ते मॅन्युअलमध्ये बघूनच आणा. काही कंपन्या इंजिनाचंच तेल सांगतात, काही वेगळं गिअर ऑईल. भरायला मेडिकलमधून मोठी सिरिंज आणि नळीचा तुकडा घ्या. 'थोडं जास्त असू दे' हा मोह इथे नको. जादा तेल सीलमधून झिरपत ब्रेकच्या ड्रमपर्यंत पोचू शकतं आणि मागचा ब्रेक लागेनासा होतो. ड्रेन बोल्टचं वायसर नवीन टाका, चार-पाच रुपयांसाठी जुनं वापरू नका.

आता बेल्टचं कव्हर. ते उघडायची वेळ झाली हे गाडी स्वतःच सांगते. इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही, चढावर दम लागतो, सिग्नलवरून निघताना गाडी थरथरते, किंवा जळक्या रबराचा वास येतो.

गाडी थंड होऊ द्या. कव्हराचे बोल्ट लहान-मोठे असतात. पुठ्ठ्यावर कव्हराचा आकार काढा आणि ज्या जागेचा बोल्ट त्या जागी खोचा. आत काळी बारीक धूळ दिसेल. ती फुंकू नका, हवेचा मारा तर अजिबात नको. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. बेल्टला तेल, ग्रीस, पेट्रोल काही लागता कामा नये, नाहीतर तो घसरतो.

बेल्ट जागेवरच ठेवून कडा आणि दातांमधल्या फटी बॅटरीच्या उजेडात तपासा. तडा, कडेला सुटलेला दोरा, एका बाजूने झिजलेली धार, यातलं एक जरी दिसलं तरी बेल्ट बदला. अनेक मॉडेलना २० ते २५ हजार किलोमीटरला तो बदलायला सांगितलेलं असतं. धावण्याचा आकडा त्याच्या आसपास असेल तर बेल्ट 'बरा दिसतोय' म्हणून ठेवू नका. तुटला तर इंजिन मस्त चालू आणि गाडी जागच्या जागी.

पुढच्या पुलीचा नट काढायला पुली धरायचं साधन किंवा इम्पॅक्ट गन (झटके देत नट सोडवणारं यंत्र) लागते. पुलीच्या बाहेरच्या थाळीवर असलेल्या पंख्याच्या पात्यात स्क्रू ड्रायव्हर अडकवून जोर लावणारे महाभाग मी पाहिलेत. पातं तुटलं की नवी थाळी आली. साधन नसेल तर एवढं काम गॅरेजमध्ये करून घ्या आणि शेजारी उभे राहा. रोलर गोल आहेत की एका बाजूने चपटे झालेत ते बघा. एक जरी चपटा असला तरी सहाही बदलायचे, त्याच वजनाचे आणि जुने ज्या तोंडाने बसले होते तसेच. हलके रोलर टाकून पिकअप वाढवायची टूम निघते, पण मग इंजिन कायम जास्त फिरतं.

माझी चूक जोडणीत झाली होती. नट घट्ट लागला म्हणून कव्हर लावलं आणि कात्रज घाटात गाडी खडखडायला लागली. पुढच्या पुलीची थाळी आणि मधला बुश (नळीसारखा तुकडा) यांच्यामध्ये बेल्ट चेपला गेला होता. तो आत बसताच नट सैल पडला. म्हणून आधी मागच्या पुलीच्या थाळ्या फाकवा आणि बेल्ट तिथे खोल दाबा, म्हणजे पुढे तो ढिला पडतो. मगच पुढची थाळी टेकवा, नट हाताने पूर्ण बसवा आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कने, म्हणजे सांगितलेल्या जोराने, आवळा. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने.

मागचा क्लच मात्र घरी उघडू नका. आतली स्प्रिंग दाबलेली असते, वाटीच्या आतला क्लचचा नट सुटताच तोंडावर उडते. फक्त वाटी काढून बघा. ती निळसर झाली असेल तर क्लच तापलाय. चढावर ब्रेक न लावता रेस देऊन गाडी धरून ठेवायची सवय असेल तर कारण तेच.

पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून गाडी काढली असेल तर कव्हराखालचा ड्रेनचा रबरी बूच किंवा नळी, जे तुमच्या मॉडेलला असेल ते, उघडून पाणी काढा. बेल्ट ओला असताना गाडी रेस केली तरी जागची हलत नाही; तेव्हा रेस देत बसू नका, आधी सुकू द्या.