देणगी आली, पुढे काय? देणगीदारनिहाय संपर्क-आराखडा कसा बांधावा

पावती पाठवून झाली की बऱ्याच संस्थांना देणगीदाराची आठवण थेट पुढच्या आवाहनाच्या वेळी होते. मधल्या काळात त्याला काय कळवायचं, कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारावर, हे आधीच लिहून ठेवणं म्हणजे देणगीदारनिहाय आराखडा. सगळ्यांना एकच मजकूर आणि वर फक्त नाव वेगळं, हा प्रकार यात बसत नाही. त्यात आडनाव चुकलं तर पत्र न गेलेलंच बरं होतं.

किती जणांसाठी करायचा?

सुरुवातीच्या उत्साहात शंभर-दीडशे आराखडे होतात आणि तिसऱ्या महिन्यापासून ती फाइल कोणी उघडत नाही. म्हणून आधी तास मोजा. एका देणगीदाराशी वर्षात सहा संपर्क आणि प्रत्येकाला तयारी व नोंदीसह दीड तास धरला, तर नऊ तास झाले. वार्षिक निधी-अहवालाचे, म्हणजे त्याच्या पैशांचं काय झालं हे सांगणाऱ्या अहवालाचे, आणखी तीन, म्हणजे बारा. या कामाला आठवड्याला आठ तास देणारी एक व्यक्ती असेल आणि वर्षात कामाचे ४५ आठवडे मिळत असतील, तर हातात ३६० तास आहेत. त्यात ३० आराखडे होतात. एकतिसावा घ्यायचा असेल तर आधीचा एखादा कमी करावा लागेल.

आता गेल्या ३६ महिन्यांतल्या देणग्यांची प्रत्येकी बेरीज करून यादी उतरत्या क्रमाने लावा. वरचे वीस सरळ घ्या. उरलेल्या दहा जागा मात्र रकमेवर भरू नका. छोटीच रक्कम, पण पाच-पाच वर्षं न चुकता देणारे, देणगीबरोबर वेळही देणारे, पहिल्याच खेपेला मोठी रक्कम देऊन गेलेले अनोळखी लोक, हे त्या जागांवर हवेत. मृत्युपत्रात संस्थेसाठी काही ठेवून जाणारे पुष्कळदा सातत्याने थोडं थोडं देणाऱ्यांतलेच असतात. फक्त रकमेची चाळणी लावली की ते खाली गळून जातात. बाकी सर्वांना तीन गटांत ठेवा: पहिल्यांदा देणारे, दरमहा देणारे, अधूनमधून देणारे. त्यांच्यासाठी गटागणिक एक सामाईक वेळापत्रक पुरतं.

आधी हिशेबनिसाबरोबर बसा

आराखड्याचा पहिला शब्द लिहिण्याआधी त्या देणगीदाराचे पैसे आज कुठे आहेत ते पाहून घ्या. रक्कम ठरावीक कामासाठी होती की संस्थेच्या सर्वसाधारण खर्चासाठी? किती खर्च झाली, किती शिल्लक आहे, खर्चाच्या नोंदीवर त्या निधीचं नाव आहे का? सर्वांत मोठा घोळ इथेच होतो. वाचनालयासाठी आलेली रक्कम मोठ्या खात्यात मिसळते, पगार-भाडं त्यातून भागतं, आणि दहा महिन्यांनी ‘आमच्या पैशांतून काय घेतलंत?’ हा साधा प्रश्न आला की सगळ्यांची धावपळ उडते. अशा निधीला हिशेबात स्वतंत्र सांकेतिक क्रमांक द्या. ठरलेलं काम होणारच नसेल तर रक्कम वळवण्याआधी देणगीदाराला कळवा, पर्याय सुचवा आणि संमती लेखी घ्या. खर्च करून मग समजूत काढत बसू नका.

दिलेली आश्वासनंही याच बैठकीत गोळा करा. अध्यक्षांनी कार्यक्रमात ‘तुम्हाला दर तिमाहीला कळवू’ म्हटलेलं असतं आणि कार्यालयाला त्याचा पत्ता नसतो.

माहितीचं कार्ड

एका देणगीदाराला एक पान. नाव तो स्वतः लिहितो तसं, संबोधन, भाषा, फोन की ईमेल की कागदी पत्र, सोयीची वेळ, आजवरच्या देणग्या, पहिली देणगी कशामुळे दिली, कुठल्या कामात जीव आहे, घरात निर्णय कोणाशी बोलून होतो, नाव जाहीर केलेलं चालतं का, काय आवडत नाही, संस्थेतला त्याचा मुख्य संपर्क कोण. प्रत्येक नोंदीपुढे तारीख टाका आणि माहिती कुठून मिळाली तेही लिहा. ‘शिक्षणात रस आहे’ हे त्याने सांगितलं की आपण ताडलं, यात फार फरक आहे.

आजारपण, धर्म, राजकीय मतं, घरातले वाद यांची नोंद नको. कसोटी सोपी आहे: उद्या देणगीदाराने हे पान मागून वाचलं तर चालेल का? कार्ड कोण उघडू शकतो तेही ठरवा. सर्वांच्या सामाईक फोल्डरमध्ये ते ठेवायचं नसतं.

रिकाम्या जागा भरायला पंधरा मिनिटांचा फोन पुरतो. चार प्रश्न विचारा: आमच्याकडे पहिल्यांदा देणगी द्यावीशी का वाटली? आमच्या कामातलं नेमकं काय कळत राहावं असं वाटतं? कसं आणि किती वेळा कळवलेलं आवडेल? आमच्याकडून कधी काही खटकलं का? चौथा प्रश्न टाळू नका, उपयोगाची माहिती बहुतेक वेळा तिथेच मिळते. आणि या फोनवर पैशांचा विषय अजिबात काढू नका. काढलात, तर आधीची उत्तरं ऐकण्याचा देखावा होता असं समोरच्याला वाटतं, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

वर्षाचं वेळापत्रक

देणगी मिळाल्याचा दिवस शून्य धरून मोजा. ४८ तासांत आभार. पावती हा हिशेबाचा कागद आहे, आभारपत्र वेगळं हवं. दोन्ही एका पाकिटात जायला हरकत नाही, एका परिच्छेदात नकोत. आठवड्याच्या आत मुख्य संपर्काचा फोन. ४५ दिवसांच्या आसपास काम कुठवर आलं याच्या चार ओळी, जरी अजून फक्त तयारीच चालू असली तरी. पाच-सहा महिन्यांनी प्रत्यक्ष कामातला एखादा ठोस तुकडा: फोटो, भेट किंवा कार्यकर्त्याशी बोलणं, कार्डावरच्या आवडीप्रमाणे. नवव्या-दहाव्या महिन्यात निधी-अहवाल. पुढची विनंती त्यानंतर, आणि अहवालाच्या पत्रात ती घुसडू नका.

हा सांगाडा झाला. माणसागणिक तो बदलायचा. वाचनालयासाठी दरवर्षी देणाऱ्या निवृत्त शिक्षिकेच्या कार्डावर ‘कागदी पत्र, समारंभ नको, पुस्तकांची नावं कळवलेली आवडतात’ असं असेल, तर तिच्या आराखड्यातली सहाव्या महिन्याची ओळ अशी होईल: ‘नव्याने घेतलेल्या पुस्तकांची यादी आणि सर्वाधिक वेळा घरी नेलेल्या पाच पुस्तकांची नावं. हाताने लिहिलेली चिठ्ठी. मजकूर: ग्रंथपाल. पत्र: मुख्य संपर्क. माहिती हातात येण्याची तारीख: पत्राच्या तीन आठवडे आधी.’

ती शेवटची तारीख सगळ्यांत महत्त्वाची. आराखडे कोलमडतात ते बहुधा इथेच. निधी संकलनवाल्याच्या कॅलेंडरवर ‘पत्र पाठवा’ असतं, पण पत्रात घालायची माहिती क्षेत्रावरच्या कार्यकर्त्याकडे असते आणि त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. मग ऐन वेळी ‘आपल्या सहकार्याने संस्थेचे कार्य जोमाने सुरू आहे’ असली वाक्यं जातात. त्याऐवजी ‘तुमच्या निधीतून घेतलेली ४० पुस्तकं कपाटात लागली, अनुक्रमणिका अजून व्हायची आहे’ हे वाक्य लिहायला कमी वेळ लागतो. फक्त चाळीस हा आकडा कोणीतरी वेळेवर द्यायला हवा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात क्षेत्रकार्यातल्या लोकांबरोबर अर्धा तास बसून पुढच्या सहा आठवड्यांत कोणती माहिती लागेल ते सांगून टाका.

लाभार्थींचे फोटो आणि गोष्टी त्यांच्या संमतीशिवाय वापरू नका. मुलांच्या बाबतीत पालकांची संमतीही हवी. मुलांना ओळीने बसवून आभाराची पत्रं लिहून घेण्याची पद्धत तर बंदच करावी. ती वाचवत नाहीत.

स्मृतिचिन्हांबद्दलही थोडं. महागडी भेटवस्तू पाहून ‘माझे पैसे यावर गेले का?’ असा प्रश्न अनेकांना पडतो. नाव जाहीर करायचं का, कसं, किती काळ, हे आधीच लेखी विचारा. ‘नाव नको’ असं उत्तर आलं तर ती खूण कार्डापुरती ठेवू नका. अहवालाची यादी, फलकाची यादी, छपाईला जाणारी फाइल, सगळीकडे उतरली पाहिजे.

कंपनी किंवा मोठा न्यास देणगीदार असेल तर एकाच आराखड्यात दोन माणसं धरा: सही करणारा आणि रोजचं काम पाहणारा अधिकारी. करारातल्या अहवालाच्या तारखांपासून मागे मोजत या. अधिकारी बदलला तर महिन्याच्या आत नव्याला भेटा. जुन्याचं आणि तुमचं काय ठरलं होतं हे त्याला बहुधा ठाऊक नसतं.

काम रखडलं तर

देणगीदाराला ही बातमी तुमच्याकडूनच कळली पाहिजे. पत्रात चार गोष्टी याच क्रमाने हव्यात: काय झालं, पैसे या घडीला कुठे आहेत, आता काय करणार, पुन्हा कधी कळवणार. शेवटी दिलेली तारीख पाळा, त्या दिवशी सांगण्यासारखं नवं काही नसलं तरी.

तपासणी

गटांसाठी टिकाव मोजा: गेल्या वर्षी २०० जणांनी दिलं, त्यांच्यातल्या १२४ जणांनी यंदाही दिलं, तर टिकाव ६२ टक्के. यंदाचे नवे देणगीदार या १२४ मध्ये मिसळू नका, नाहीतर गळती झाकली जाते. पहिल्यांदा देणाऱ्यांचा टिकाव वेगळा काढा. तो जुन्यांपेक्षा बराच कमी निघतो आणि एकत्र सरासरीत दिसत नाही. व्यक्तिनिहाय आराखड्यांच्या तीस जणांसाठी टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. तिथे दर तिमाहीला एवढंच पाहा: ठरलेल्या संपर्कांपैकी किती वेळेवर झाले, आणि कोणाची नोंद ९० दिवसांत कोरी आहे.

दरमहा देणाऱ्याची रक्कम अचानक थांबली तर त्याने मन बदललं असं गृहीत धरू नका. पुष्कळदा त्याच्या बँक-कार्डाची मुदत संपलेली असते किंवा बँकेने व्यवहार नाकारलेला असतो. आठवड्याभरात फोन करा. देणगीदाराचं निधन झाल्याचं कळलं तर त्याच दिवशी सर्व याद्यांमध्ये खूण करा, नाहीतर पुढचं आवाहनपत्र त्याच्याच नावाने घरी पोचतं. आणि मुख्य संपर्क असलेला सहकारी संस्था सोडणार असेल, तर जाण्याच्या किमान दोन आठवडे आधी त्याने, नव्या व्यक्तीने आणि देणगीदाराने एकत्र फोनवर बोलायला हवं. कार्ड त्या फोनच्या आधी अद्ययावत करून घ्या.