गावात परदेशी बँकेच्या कर्जाचं काम आलंय? संमतीपत्रावर सही करायच्या आधी हे करा

आमच्या गावचा रस्ता रुंद झाला त्याला आता दोन वर्षं होतील. तासगाव आणि विट्याच्या मधलं गाव, सगळी द्राक्षाची बाग, आणि ज्याची विहीर रस्त्याच्या अलीकडं नि बाग पलीकडं त्याची पाईपलाईन रस्त्याच्या पोटातनं गेलेली. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होऊन पेस्टिंग म्हणजे डोळे फुटायचं औषध लावून झालेलं, डोळे फुटायच्या बेतात होते, आणि ऐन दुपारी जेसीबीनं आमच्या आण्णांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची, चार इंची लाईन तोडली. अकरा दिवस बागेला पाणी नाही, टँकरनं घालून घालून किती घालणार. ठेकेदाराचा माणूस म्हणाला तुमची लाईन आमच्या यादीतच नाही, आणि संमतीपत्रावर तुमची सही आहे. सही खरंच होती. पारावर बसून पंचवीस जणांनी एका सकाळी केलेल्या सह्या, वाचून कुणीच दाखवलं नव्हतं.

काम एका परदेशी बँकेच्या कर्जातलं होतं हे मला नंतर कळलं. असं कर्ज देताना बँक सरकारकडनं अटी लिहून घेते, जमीन कशी घ्यायची, विहीर, झाड, पाईपलाईन, टपरी यांचं काय करायचं, तक्रार कुठं करायची, सगळं कागदावर असतं. तो कागद आम्ही काम संपल्यावर वाचला. तुम्ही आधी वाचा, त्यासाठी हे लिहितोय.

पैसा कुणाचा ते आधी शोधा

फाट्यावर बोर्ड लावलेला असतो, त्यावर ठेकेदाराच्या नावाखाली बारीक अक्षरात बँकेचं नाव असतं, त्याचा फोटो काढून ठेवा कारण एका पावसाळ्यात तो बोर्ड जातो. आपल्या सांगलीच्या भागात अशी कामं कमी नाहीत. आशियाई विकास बँकेनं म्हणजे एडीबीनं २०१९ मध्ये राज्यातल्या ३४ जिल्ह्यांच्या ग्रामीण रस्त्यांसाठी २० कोटी डॉलर मंजूर केले, फळं-भाजीपाल्याच्या मॅग्नेट प्रकल्पालाही २०२१ मध्ये १० कोटी डॉलर तिचेच. शेतकरी कंपन्यांना मिळणारा स्मार्ट प्रकल्पाचा पैसा वर्ल्ड बँकेचा, २१ कोटी डॉलर. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पंप सोलरवर घ्यायला जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी बँकेचं कर्ज, आणि सांगली-कोल्हापूरच्या महापुरासाठी जे काम चाललंय त्यात परत वर्ल्ड बँक. यातलं प्रत्येक काम जमीन घेतंच असं नाही, पण रस्ता, सोलर, कालवा, नाला, पूरभिंत म्हटलं की कुणाच्या तरी बांधाला हात लागतोच.

बोर्डावर "अर्थसहाय्य" लिहिलेलं वाचून आपली माणसं समजतात की फुकट मदत आलीय. तसं नाही. हे बहुतेक वेळा कर्ज असतं, केंद्र सरकार ते घेऊन त्याच अटींवर राज्याकडं देतं आणि डॉलर महागला तर तो बोजाही राज्याच्याच डोक्यावर. म्हणजे फेडणार आपणच, मग विचारायचा हक्क पण आपलाच.

आणि हे आपल्याकडं नवीन पण नाही. १९६० च्या दशकात कोयनेच्या वीज प्रकल्पाला वर्ल्ड बँकेचं कर्ज होतं. तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता, तो १९७६ ला आला. पाटण-जावळीतनं उठलेली माणसं सोलापूर, रायगड, ठाण्याला गेली, काही आपल्या सांगलीत आली, आणि त्यांची नातवंडं अजून जमिनीसाठी आंदोलनाला बसतात. तेव्हा बँकेकडं तक्रार करायला खिडकीच नव्हती. आज आहे.

बँकेचा कागद कसा वाचायचा

वर्ल्ड बँकेच्या प्रत्येक प्रोजेक्टला पी अक्षर आणि पुढं सहा आकडे असा नंबर असतो. प्रोजेक्टचं नाव त्यांच्या साईटवर टाकलं की नंबर सापडतो, मग त्याच पानावर डॉक्युमेंट्स बघायचे. एडीबीच्या साईटवर पण प्रोजेक्टच्या नावानं शोधता येतं. दोनशे पानांचं इंग्रजी बघून घाबरू नका, सगळं वाचायचं नसतंच. "रिसेटलमेंट प्लॅन" किंवा "रिसेटलमेंट अॅक्शन प्लॅन" नावाची, म्हणजे पुनर्वसनाच्या आराखड्याची, फाईल उघडा आणि तीन गोष्टी शोधा. पहिली, आपल्या गावाचं नाव, पण दोन-तीन स्पेलिंग टाकून बघा कारण आमच्या गावाचं नाव एकाच फाईलमध्ये तीन प्रकारे लिहिलेलं होतं. दुसरी, "एंटायटलमेंट मॅट्रिक्स" म्हणून एक तक्ता असतो, कुणाचं काय गेलं तर काय मिळणार याचा, हा तक्ता म्हणजे खरा माल, तेवढी पानं मोबाईलवर मराठी करून प्रिंट काढा. तिसरी, "कट-ऑफ डेट", ज्या तारखेला बाधितांची यादी बंद झाली ती. त्या तारखेनंतर आलेल्याला सहसा काही मिळत नाही, म्हणून सर्व्हेची माणसं गावात येतील तेव्हा घरी थांबा, एक दिवस रोजगार बुडाला तरी चालेल.

यात आपल्याला माहीतच नसलेल्या गोष्टी निघतात. वर्ल्ड बँकेच्या २०१८ पासूनच्या नियमात सातबारावर नाव नसलेल्यालाही धरलंय, जमिनीचे पैसे त्याला मिळत नाहीत पण त्याचं घर, टपरी, गोठा, झाड, पीक याची भरपाई मिळते. भरपाई नवीन बांधायला आज जेवढे लागतील तेवढी, जुनं झालं म्हणून घसारा कापायचा नाही. आपल्याकडं मूल्यांकन करताना तीस वर्षांचं घर म्हटलं की रक्कम खाली आणतात, तिथं हे वाक्य दाखवायचं. आणि पैसे ताबा घ्यायच्या आधी, नंतर नाही. एडीबी, केएफडब्ल्यू यांचे नियम शब्दाशब्दाला सारखे नसले तरी गाभा हाच आहे.

संमतीपत्र

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं म्हणून इथं जरा थांबा. रस्त्याच्या कामात बऱ्याचदा जमीन संपादन करत नाहीत, "गावाचं काम आहे, दोन-तीन फूट सोडा" म्हणून दानपत्रावर सही घेतात. सोडायला हरकत नाही, रस्ता आपल्यालाच लागतो. पण बँक असं दान कधी मान्य करते? देणाऱ्याला काय देतोय ते नीट समजावून सांगितलेलं पाहिजे, नाही म्हणायची मोकळीक पाहिजे आणि ती त्याला माहीत पाहिजे, जाणारा तुकडा किरकोळ पाहिजे म्हणजे उरलेल्या रानावर त्याचं पोट भरलं पाहिजे, कुणाचं घर उठता कामा नये, आणि त्या कामाचा फायदा देणाऱ्यालाही व्हायला हवा. पारावर पंचवीस सह्या एका सकाळी, यात यातलं काय बसतं सांगा.

म्हणून सही करायची तर कागद घरी घेऊन या, रात्री घरात वाचा, घरातल्या बाईमाणसाला पण वाचायला द्या, आमच्या वहिनींनी जे प्रश्न काढले ते पारावर एकालाही सुचले नव्हते. कागदावर गट नंबर, किती फूट बाय किती फूट, आणि त्यात काय काय आहे हे आपल्या हातानं लिहा: "आडवी पाईपलाईन १, आंबा २, तारेचं कंपाऊंड ४० फूट, हे सोडून." झेरॉक्सवर पोच घ्या. पाईपलाईन कुठनं जाते तिथं दोन्ही बाजूला चुन्यानं खूण करा, शेजारी माणूस उभा करून फोटो काढा, मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा. सातबारा, आठ अ आणि हे फोटो एका फाईलीत. आण्णांकडं यातलं एक जरी असतं तरी "यादीत नाही" म्हणायची सोय राहिली नसती.

माहिती अधिकार

कागद साईटवर नसेल तर सरळ अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, नाहीतर महाराष्ट्रात तेवढ्यावरच परत पाठवतात. मागायचं काय: तुमच्या गावच्या बाधितांची गट नंबरनिहाय यादी आणि संमतीपत्रांच्या प्रती. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

तक्रार

आधी स्थानिक. प्रत्येक प्रोजेक्टला तक्रार निवारण समिती असावी लागते, ती आहे का, तिचं रजिस्टर कुठं आहे, हे लेखी विचारा. तोंडी तक्रार म्हणजे न केलेली तक्रार. मग बँकेच्या दिल्ली ऑफिसला ईमेल, प्रोजेक्टच्या पानावर बँकेच्या प्रमुख अधिकाऱ्याचं नाव असतं. हे टप्पे टाळू नका, पुढं पुरावा म्हणून हेच लागतात.

तरीही हललं नाही तर वर्ल्ड बँकेचं इन्स्पेक्शन पॅनेल आहे, म्हणजे बाधितांच्या तक्रारी तपासणारी स्वतंत्र समिती. ते आलं कुठनं तर नर्मदेवरच्या धरणातनं. सरदार सरोवराला १९८५ मध्ये बँकेनं ४५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं, त्यात आपल्या नंदुरबारकडची ३३ गावं बुडणार होती, लोकांनी इतकं लावून धरलं की बँकेला स्वतंत्र मोर्स समिती नेमावी लागली, १९९२ ला तिचा अहवाल बँकेच्या विरोधात गेला आणि १९९३ मध्ये भारतानं उरलेलं कर्ज नाकारलं. त्याच वर्षी हे पॅनेल स्थापन झालं. म्हणजे बुडीतातल्या मणिबेली गावच्या लोकांनी घर-रान घालवून आपल्यासाठी हे दार उघडलंय, ते वापरायला लाजू नका.

पॅनेलकडं जायला दोन बाधित माणसं पुरतात, फी नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिलं तरी चालतं, नाव गुप्त ठेवा म्हटलं तर ठेवतात. पत्रात चार गोष्टी लिहा: आम्ही कोण, आमचं काय नुकसान झालं किंवा होणार आहे, प्रोजेक्टचं नाव, आणि बँकेला आधी कधी कळवलं. सप्टेंबर २०२० नंतर मंजूर झालेल्या कामांत कर्ज बंद झाल्यावर पंधरा महिन्यांपर्यंतच घेतात, त्याआधीच्या कामांत मुदत आणखी लवकर संपते, कर्ज बंद व्हायची तारीख प्रोजेक्टच्या पानावर असते, आजच बघून ठेवा. टेंडरमधल्या भानगडीची तक्रार तिथं चालत नाही. एडीबीची यंत्रणा वेगळी, तिच्याकडं वेगळं पत्र.

याचा उपयोग होतो का, तर मुंबईत झालाय. रेल्वे आणि रस्त्यांच्या एमयूटीपी म्हणजे मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात दुकानदारांना मोठ्या दुकानाच्या बदल्यात २२५ चौरस फूट देत होते, ते २००४ मध्ये पॅनेलकडं गेले, आणि मार्च २००६ मध्ये बँकेनं रस्ते आणि पुनर्वसनाचा पैसा थांबवला. जूनमध्ये परत सुरू केला, पण मधल्या काळात सरकारला त्या लोकांसोबत टेबलावर बसावं लागलं. पॅनेल तुमच्या हातात पैसे देत नाही, काम रद्द पण करत नाही, बँकेनं स्वतःचे नियम पाळले का एवढंच तपासतं, त्याला वेळही लागतो. म्हणून पिकाचं नुकसान चालू असेल तर तहसीलदाराकडं पंचनाम्याचा अर्ज त्याच दिवशी द्या, पॅनेलवर थांबू नका.

आण्णांनी नवीन लाईन टाकलीय, रस्त्याखाली केसिंग म्हणजे बाहेरनं मोठा पाईप घालून, आणि दोन्ही कडेला गट नंबर रंगवलेला दगड रोवलाय. आता पलीकडच्या वाडीत मोजणी सुरू झालीय, तिथले सहा जण रविवारी येऊन तो दगड आणि आमची फाईल बघून गेले, त्यातल्या चौघांनी संमतीपत्र घरी नेलंय.