दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर बसण्याआधी काय काय पाहावं

तमिळनाडूतल्या वाणियंबाडीत २०२३ साली एका दातांच्या दवाखान्यात उपचार घेतलेल्या आठ जणांचा मेंदूपर्यंत पोचलेल्या जंतुसंसर्गाने जीव गेला. पुढे तपास झाला तेव्हा संशयाची सुई एका सलाइनच्या बाटलीवर आली. हिरडी बाजूला सारायच्या अवजाराने ती उघडायची, उरलेली सैल झाकून ठेवायची आणि पुढच्या पेशंटलाही तीच वापरायची, असा तिथला शिरस्ता होता. हे वाचल्यापासून मी घरातल्या कुणाचीही दाढ दाखवायला नेते तेव्हा एसी आणि सोफा बघत नाही, ट्रेकडे बघते. तुम्हीही बघा. क्रम साधारण असा ठेवा.

१. जाण्याआधी नाव विचारा
बोर्डावर एकाचं नाव आणि तोंडात हात दुसऱ्याचा, असं आपल्याकडे सर्रास असतं. रूट कॅनालचे किंवा इम्प्लांटचे डॉक्टर ठरावीक वारी बाहेरून येतात. त्यात गैर काही नाही, पण उपचार नेमके कोण करणार, त्यांची पदवी कोणती (बीडीएस की त्यापुढची एमडीएस, आणि एमडीएस कोणत्या विषयात) आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक काय, हे कळायलाच हवं. क्रमांक भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर आणि चिठ्ठीवर सापडतो.

फोनवर वेळ घेतानाच आणखी एक प्रश्न टाका: "तुमच्याकडे ऑटोक्लेव्ह आहे ना? हँडपीससुद्धा त्यात घालता का?" ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेने अवजारं निर्जंतुक करायचं यंत्र आणि हँडपीस म्हणजे दात कोरायचं ते घूं घूं करणारं यंत्र. हँडपीस थांबताना तोंडातली लाळ आणि रक्त आत खेचलं जाऊ शकतं. म्हणून नुसतं स्पिरिटने पुसून भागत नाही, प्रत्येक पेशंटनंतर ते ऑटोक्लेव्हमध्ये गेलंच पाहिजे.

२. अवजारांचं पाकीट समोर फाडायला सांगा
सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रेशर कुकरचाच मोठा भाऊ. दाबाखालच्या १२१ ते १३४ अंशांच्या वाफेत अवजारं ठरावीक वेळ राहिली की चिवट जंतूही मरतात. पाणी १०० अंशांनाच उकळतं आणि काही जंतूंचे बीजाणू त्यात तग धरतात. त्यामुळे नुसती उकळून काढलेली अवजारं मला चालत नाहीत. निळा दिवा लावलेलं काचेचं कपाट दिसतं ना, ते आधीच निर्जंतुक केलेली अवजारं ठेवायला ठीक. त्यात ठेवल्याने अवजार निर्जंतुक होत नाही.

आईची दाढ काढायची होती तेव्हा मी असिस्टंट ताईंना म्हटलं, "ताई, मला जरा भीती वाटते, पाकीट आमच्यासमोर उघडाल का?" त्यांनी एका बाजूला कागद आणि दुसऱ्या बाजूला पारदर्शक प्लॅस्टिक असलेलं पाकीट आणलं. त्यावरची खूण वाफेने रंग बदलून काळपट झालेली होती आणि पेनाने तारीख लिहिलेली होती. पाकीट ओलं नव्हतं, कुठे फाटलेलं नव्हतं. ताईंनी ते फाडलं, आरसा आणि चिमटा ट्रेवर ठेवला, आणि आई निवांत झाली. चांगल्या दवाखान्यात या प्रश्नाचा राग येत नाही. रंगाची खूण वाफ लागली एवढंच सांगते, म्हणून धीर असेल तर स्पोर टेस्ट (ऑटोक्लेव्हमध्ये बीजाणू खरंच मरतात का, याची चाचणी) कधी केली तेही विचारा. ती आठवड्याला व्हावी अशी अमेरिकेतल्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेची शिफारस आहे.

३. हात, सुई, पाणी
ग्लोव्ह्ज तुमच्यासमोर नवे चढवले पाहिजेत. एका दवाखान्यात डॉक्टरांनी ग्लोव्ह्ज न काढता मोबाइल घेतला, बोलणं संपवलं आणि तेच बोट माझ्या हिरडीकडे आणलं. मी तोंड मिटून घेतलं आणि "ग्लोव्ह्ज बदलता का?" विचारलं. त्यांनी बदलले. संकोच करू नका.

भुलीच्या औषधाची मोठी बाटली अनेक पेशंटना पुरते. म्हणून तिच्यात जाणारी सिरिंज आणि सुई दर वेळी नवी हवी. हँडपीसला पाणी पुरवणाऱ्या नळीत साचलेलं पाणी काम सुरू होण्याआधी २०-३० सेकंद सोडून द्यायला हवं. शस्त्रक्रिया असेल तर नळीचं पाणी नको, निर्जंतुक सलाइनच हवं, तेही नव्याने फोडलेलं.

४. भिंतीवर आणि कोपऱ्यात नजर टाका
एक्स-रे मशीनची अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणी लागते. कागद कुठे आहे ते विचारा. कचऱ्याचे डबे रंगाने ओळखा: सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्यात. रक्ताळलेला कापूस साध्या कचऱ्याच्या टोपलीत दिसला, तर आतल्या खोलीत काय चालत असेल याचा मी विचार करते.

५. डॉक्टर काय विचारतात ते ऐका
मधुमेह, रक्त पातळ करायच्या गोळ्या, हृदयाची झडप, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली इंजेक्शनं, औषधाची ॲलर्जी, गरोदरपण. हे न विचारता कुणी दाढ उपटायला घेतली तर खुर्चीवरून उठा. रूट कॅनालला आधी आणि नंतर एक्स-रे हवा. दाताभोवती रबराचा पडदा लावला तर उत्तमच, कारण त्याने बारीक सुई घशात जायचा धोका टळतो. आपत्कालीन औषधं आणि ऑक्सिजन आहे का, तेही विचारून ठेवा.

६. कागद जपून ठेवा
खर्चाचा अंदाज लेखी घ्या, पावती आणि एक्स-रे मागून घ्या. इम्प्लांट बसवला तर त्याच्या डबीवरचं कंपनीचं नाव आणि बॅच क्रमांकाचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवा. पाच-दहा वर्षांनी स्क्रू सैल झाला तर दुसऱ्या डॉक्टरला तेच लागतं. तक्रार करायची वेळ आली तर आधी त्या डॉक्टरांना लेखी द्या, मग राज्य दंत परिषद. नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोग आहे, पण तिथे साधारण दोन वर्षांच्या आत जावं लागतं.