फुसका बार की तिरका जेट? मंद गॅमा-रे बर्स्ट ओळखायचा कसा

गॅमा-रे बर्स्ट (दूर आकाशातून अचानक येणारा गॅमा किरणांचा झोत) मंद दिसला की लगेच किरकोळ म्हणून सोडून देऊ नका, आधी अंतर बघा. लांबचा मंद दिसणारच, त्यात काय विशेष, गंमत आहे ती जवळ असूनही मंद असणाऱ्याची. २५ एप्रिल १९९८ चा जीआरबी ९८०४२५ घ्या (नावातच तारीख असते, वर्ष-महिना-दिवस), अवघा १२ कोटी प्रकाशवर्षांवर आणि ऊर्जा नेहमीच्या बर्स्टपेक्षा हजारो पटींनी कमी.

मग वेळेनुसार उजेड कसा बदलला त्याचा आलेख काढा. नेहमीचा बर्स्ट लवंगी माळेसारखा तडतडतो, काटेच काटे. पण जीआरबी ०६०२१८ चा आलेख बघा, एकच गुळगुळीत उंचवटा आणि तोही अर्ध्या तासाच्या वर चाललेला. असं दिसलं की फुसक्या बाराचा संशय घ्यायचा. म्हणजे होतं काय, ताऱ्याचा गाभा कोसळतो, आतून जेट, म्हणजे पदार्थाचा अरुंद वेगवान फवारा, निघतो, थर फोडत वर येतो पण बाहेर पडायच्या आधीच मागचं इंजिन (कोसळलेला गाभाच) बंद पडतं आणि जेट आतच गुदमरतो, त्याची सगळी ऊर्जा भोवतालच्या मालात जाऊन एक तापलेला फुगा होतो, त्याला कोकून म्हणतात, आणि त्याचा शॉक (धक्कालाट) पृष्ठभागातून बाहेर फुटला की जो मंद झोत येतो तोच आपल्याला दिसतो. ०६०२१८ च्या एक्स-रे मधे स्विफ्ट या अवकाश दुर्बिणीला साधारण २० लाख अंशांचा उष्ण भाग दिसला होता, तो शॉक फुटल्याचाच असं बरेच जण मानतात, वाद अजून आहेत.

आता दहा-पंधरा दिवस कळ काढा, सुपरनोव्हा, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा उजेड, वर येऊ द्या. त्याच्या स्पेक्ट्रममधे (उजेडाच्या रंगपट्ट्यात) हायड्रोजन नाही, हेलियमही नाही आणि रेषा पसरट, तर तारा बाहेरचे थर आधीच उधळून बसलेला होता. ९८०४२५ सोबत असाच एसएन १९९८बीडब्ल्यू सापडला.

राहिला तिरका जेट, म्हणजे जेट दणकट पण तोंड आपल्याकडे नाही. इथे घाई केली की हमखास फसता, कारण असा जेट मंदावत पसरतो आणि त्याचा रेडिओ उजेड नंतर कधीतरी वाढायला हवा, त्यामुळे महिनोन्‌महिने रेडिओत बघत राहावं लागतं. ९८०४२५ मधे तशी वाढ दिसलीच नाही. जीआरबी १७१२०५ए वर तर आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने चौथ्या दिवसापासून ९३७ व्या दिवसापर्यंत डोळा ठेवला, २५० ते १४५० मेगाहर्ट्झमधे, आणि निघालं काय तर दोन्ही, आधी रुंद कोकूनचा जोर आणि नंतर एक अशक्त, बहुधा जरासा तिरका जेट.