घरच्या घरी गॅस कटर: कमी खर्चात ऑक्सिजन-एलपीजी टॉर्च कशी लावायची

ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याच्या वाड्यात भंगार असतंच. मोडलेला कल्टिव्हेटर, बंडीची जुनी धाव, ट्रॉलीचा वाकलेला चॅनल. यातलं बरंचसं चार इंची ग्राइंडरनं निघतं. पाच-सहा मिलीपर्यंतची पट्टी, अँगल किंवा पाइप कापण्यासाठी गॅस कटर घेऊ नका, तो खर्च वसूल होत नाही. दहा-बारा मिलीची प्लेट, गंजून बसलेला नट, तापवून वाकवायचा जाड गज, अशी कामं वारंवार निघत असतील तरच घ्या. शेतातली लाइन रात्रीच येते अशा ठिकाणी मात्र तो दुपटीनं कामाचा, कारण त्याला वीज लागत नाही.

फॅब्रिकेशनवाले पूर्वीपासून ऑक्सिजनसोबत डीए, म्हणजे अॅसिटिलीनचं सिलिंडर वापरतात. घरी ते नको. महाग पडतं आणि हाताळायला नाजूक. कार्बाइड टाकून गॅस बनवायची जुनी टाकी कोणी स्वस्तात देत असेल तर तिच्याकडे बघूही नका. परदेशात प्रोपेन वापरतात. आपल्याकडे तेच काम एलपीजी करतो, तो प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतो. त्याची ज्योत अॅसिटिलीनपेक्षा थोडी कमी तापते, म्हणून लोखंड लाल व्हायला वेळ लागतो, पण काप तितकाच स्वच्छ येतो. एलपीजीवर लोखंडाचं वेल्डिंग मात्र होत नाही.

पैसे कुठे वाचवायचे

सिलिंडर विकत घेऊ नका, डिपॉझिटवर घ्या. हिंगणा, बुटीबोरी, अमरावती, अकोला, यवतमाळ इथल्या एमआयडीसीच्या आसपास गॅसचे विक्रेते शोधा, तिथूनच भरलेलं मिळतं. ऑक्सिजनचं मोठं काळं सिलिंडर सात घनमीटरचं असतं: आत सुमारे ४७ लिटर जागा आणि भरताना १५० किलो प्रेशर. (बाजारात प्रेशर किलोतच सांगतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो.) रेग्युलेटरवरच्या प्रेशरच्या काट्यावर जितके किलो दिसतात त्याला ४७ नं गुणा, तितके लिटर ऑक्सिजन शिल्लक. दहा लिटरचं छोटं सिलिंडर उचलायला सोपं, पण सलग कापत राहिलात तर अर्ध्या तासाच्या आसपास संपतं. एलपीजीच्या मानानं ऑक्सिजन खूप जास्त लागतो, नुसत्या ज्योतीलाच घनफळात जवळपास चौपट. त्यामुळे खरा खर्च ऑक्सिजनचाच. सगळ्या खुणा खडूनं आधी मारून ठेवा, टॉर्च (कटरचा हातात धरायचा, ज्योतीचा भाग) मग पेटवा.

सिलिंडरच्या गळ्यावर चाचणीची तारीख ठोकलेली असते ती वाचा. गॅस सिलिंडरांचे नियम सांभाळणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. तिच्या मान्यतेचंच सिलिंडर घ्या.

एलपीजीसाठी घरचं १४.२ किलोचं लाल सिलिंडर अंगणात ओढू नका. ते फक्त स्वयंपाकासाठी दिलेलं असतं, दुसऱ्या कामाला वापरणं कायद्यात बसत नाही. १९ किलोचं व्यावसायिक घ्या, किंवा बारीकसारीक कामाला पाच किलोचं. थंडीच्या दिवसांत सकाळी छोट्या सिलिंडरातून गॅस नीट येत नाही, बाहेरून दव धरतं. अशा वेळी थोडं थांबा, ऊन चढू द्या. सिलिंडरवर गरम पाणी ओतणं किंवा खाली शेगडी ठेवणं हा उपाय नाही.

ट्रॉली, कापायचं टेबल, स्टँड हे सगळं भंगारातून घरीच बनवा. टॉर्चसुद्धा चांगल्या कंपनीची जुनी, दुरुस्त करून तपासलेली चालेल. पण सिलिंडर आणि टॉर्च यांच्या मधलं काहीही जुनं घ्यायचं नाही. दोन्ही रेग्युलेटर, दोन्ही पाइप, फ्लॅशबॅक अरेस्टर, सगळं नवं आणि पावतीसकट. दुकानदार म्हणेल, "अरेस्टर नाही लावला तरी चालते भाऊ, कोणी लावत नाही." लावा. ज्योत उलटी फिरून पाइपात शिरली तर तिला अडवणारा तोच एक. रेग्युलेटरच्या तोंडाशी अरेस्टर आणि टॉर्चच्या तोंडाशी गॅस उलटा येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, दोन्ही गॅसना.

स्वयंपाकाच्या शेगडीचा रेग्युलेटर इथे कामाचा नाही, प्रेशर कमी-जास्त करता येणारा काट्याचाच लागतो. ऑक्सिजनचा पाइप निळा. गॅसचा लाल मिळतो, पण तो फक्त अॅसिटिलीनचा असू शकतो, एलपीजीनं त्याचं रबर खराब होतं. एलपीजीसाठी चालणारा असं छापलेलाच मागा. जोडाला बाइंडिंग वायर गुंडाळू नका, क्लिप लावा. ऑक्सिजनचे आटे उजवे, गॅसचे डावे, आणि गॅसच्या नटाला कडेनं खाचा असतात. नट बसत नसेल तर पान्याचा जोर लावू नका, बहुधा चुकीच्या बाजूला फिरवताय.

टॉर्चच्या टोकाचं नोझलही एलपीजीचंच हवं. ते दोन तुकड्यांचं असतं: बाहेर तांब्याची टोपी, आत पितळी खाचांचा दांडा. अॅसिटिलीनचं एकसंध नोझल लावलं तर ज्योत टोकावर टिकत नाही. सहा ते बारा मिलीला ३/६४ इंचाचं नोझल पुरतं.

जागा

गोठ्यात नाही, कापसाच्या खोलीजवळ नाही, कुटाराच्या किंवा पऱ्हाटीच्या गंजीजवळ तर अजिबात नाही. ठिणग्या दहा मीटरपर्यंत सहज उडतात, उन्हाळ्याच्या वाऱ्यात त्याहून लांब. मोकळी मुरमाची जमीन उत्तम. सिमेंटच्या फरशीवर कापू नका, तापली की तिचे तुकडे फुटून उडतात. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यानं गळला की खाली साचतो, म्हणून विहीर, पेव, नाली यांपासून लांब. पाण्याच्या दोन बादल्या, वाळू, आणि जमलं तर पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. काम झाल्यावर अर्धा तास तिथेच थांबा, कारण कुटार आतल्या आत धुमसतं.

दोन्ही सिलिंडर उभेच हवेत, साखळीनं लिंबाच्या झाडाला किंवा खांबाला बांधलेले आणि सावलीत. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या उन्हात ठेवले तर आतलं प्रेशर वाढत जातं. आणताना मोटारसायकलवर आडवं बांधून आणू नका, टोपी लावून उभं आणा.

जोडणी

आधी साबणानं हात धुवा. ट्रॅक्टरचं ग्रीस लागलेला हात, तेलकट चिंधी, आट्यांना लावलेलं तेल, यातलं काहीही दाबाखालच्या ऑक्सिजनला लागलं तर ठिणगीशिवाय पेट घेतं. आट्यांना टेफ्लॉन टेपही नको.

रेग्युलेटर लावण्याआधी ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडून बंद करा, तोंडातली धूळ उडते. रेग्युलेटर बसवा आणि त्याचा स्क्रू पूर्ण ढिला करा. मग बाजूला उभं राहून, काट्यासमोर तोंड न आणता, व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. ऑक्सिजनचा पूर्ण उघडायचा, गॅसचा एकच फेरा. गॅसच्या व्हॉल्व्हला चावी लागत असेल तर ती त्यावरच राहू द्या. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा दिसला तर बंद करून पुन्हा आवळा. काडी लावून गळती शोधणारे गावोगावी भेटतात, त्यांना जवळ येऊ देऊ नका.

आता रेग्युलेटरचे स्क्रू आवळत प्रेशर लावा: दहा मिलीच्या प्लेटला ऑक्सिजन दोन ते अडीच किलो, एलपीजी पाव किलोच्या आसपास. टॉर्चवर दोन्ही पाइप एकेक करून क्षणभर सोडा, आतली हवा जाते. हे पेटवण्याआधी करायचं, जवळ विस्तव नसताना.

पेटवणं आणि कापणं

अंगात सुती कपडे, पायात चामडी बूट, पँटचे पाय बुटांवर, डोळ्यांना ५ नंबरच्या काचेचा गॉगल. टेरिकॉट नको. दुपट्टा डोक्याला घट्ट बांधा, गळ्यात लोंबता ठेवू नका. गरम होतंय म्हणून ऑक्सिजनची फुंकर अंगावर घेणारे कारागीर दिसतात. ऑक्सिजन मुरलेलं सुती कापड एका ठिणगीत भडकतं.

आधी गॅस थोडा सोडा, चकमकीच्या लायटरनं पेटवा, मग ऑक्सिजन वाढवत न्या. पिवळी ज्योत निळी होते आणि नोझलच्या तोंडाशी लहान, टोकदार, चमकत्या निळ्या कळ्या उभ्या राहतात. आता कटिंगचा खटका, म्हणजे कापायचा ऑक्सिजन सोडणारा, दाबून बघा. कळ्या पसरल्या किंवा लांबल्या तर ऑक्सिजन पुन्हा जुळवा.

प्लेटच्या कडेपासून सुरुवात करा, नोझल आठेक मिली वर. कड उजळ लाल-केशरी होईपर्यंत घाई नको, इथेच नवखा माणूस फसतो. मग खटका हळू दाबा. ठिणग्यांचा झोत प्लेटच्या खालून सरळ पडला की पुढे सरका. ठिणग्या वर उसळू लागल्या म्हणजे काप आरपार जात नाही, थांबा आणि मागे येऊन पुन्हा तापवा. मधोमध भोक पाडायचं असेल तर आधी ड्रिलनं पाडा, तिथून काप सुरू करा.

बीड (ओतीव लोखंड), स्टेनलेस आणि अॅल्युमिनिअम यानं कापलं जात नाही. जस्ताच्या पत्र्याचा धूर छातीला वाईट, तो ग्राइंडरला सोडा. आणि डिझेलचा रिकामा बॅरल, फवारणीच्या औषधाचा ड्रम, ट्रॅक्टरची टाकी, दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप यांना टॉर्च लावायचीच नाही, कितीही धुतलेलं असो. आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो.

टॉर्चमधून फटफट आवाज येऊन ज्योत आत गेली, शिट्टीसारखा आवाज आला, तर आधी ऑक्सिजन आणि लगेच गॅस बंद. टॉर्च थंड होऊ द्या, नोझल घट्ट आहे का, साफ आहे का ते बघा, मगच पुन्हा पेटवा.

बंद करताना

रोजच्या बंद करण्यात आधी टॉर्चवरचा गॅस, मग ऑक्सिजन. त्यानंतर दोन्ही सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद करा, एकेक पाइप मोकळा करून काटे शून्यावर आणा, रेग्युलेटरचे स्क्रू ढिले करा. पाइप टिनाच्या पेटीत ठेवा, उंदीर कुरतडतात. नोझलच्या आणि पाइपच्या तोंडाला रबरी टोपी लावा, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर करते. नोझल साफ करायला तारेचा तुकडा घालू नका, भोक वेडंवाकडं होतं. नोझलच्या पिना वेगळ्या मिळतात, त्याच वापरा.