वर्ग "आपला" वाटायला हवा असेल तर काय करायचं

शाळा सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात पहिला धडा उरकायची घाई करू नका. मी चौथीला शिकवते, झेडपीची शाळा, पट 34.

सुरुवात हजेरीपासून. नंबर पुकारायचा नाही, नाव घ्यायचं, आणि "हजर" ऐवजी प्रत्येकाने एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं, म्हणजे येताना रस्त्यात काय दिसलं असलं काहीतरी. पाच-सात मिनिटं जातात, जाऊ देत. फक्त प्रश्न जपून निवडा, मी एकदा "सकाळी काय खाल्लं" विचारलं आणि एक पोरगं मान खाली घालून गप्प बसलं ते बसलंच, माझंच चुकलं.

दुसरं म्हणजे मॉनिटर बंद. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला एका पोराला उभं केलं की तो पोलीस आणि बाकीचे चोर, मग कसला आपला वर्ग! तसंही 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात मारण्यासोबत मानसिक त्रासालाही बंदी आहे, हे आपण सोयीने विसरतो. त्यापेक्षा कामं वाटा. फळा पुसणं, चपला ओळीत लावणं, परिपाठाला बातम्या वाचणं, खिचडीची ताटं वाटणं, झाडू मारणं. चिठ्ठ्या टाकून जोड्या पाडा, दर सोमवारी बदला, आणि झाडूवर नीट लक्ष ठेवा हं, कारण चिठ्ठी कुणाचीही निघो, झाडू फिरून फिरून मुलींच्याच हातात येतो. आमच्याकडे पोरं आधी लाजली, आता कोपऱ्यातला कचरा राहिला म्हणून एकमेकांशी भांडतात.

भांडणं झाली तर लगेच न्यायाधीश होऊ नका, दोघांना व्हरांड्यात बसवून आधी समोरच्याचं म्हणणं सांगायला लावा, निम्मी तिथेच मिटतात.

आता सगळ्यात अवघड भाग. दिवाळीच्या आसपास आमची काही मुलं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात ती थेट मार्च-एप्रिलला परत येतात. त्यांची नावं कामाच्या तक्त्यावरून काढायची नाहीत. हजेरीतही नाव घ्यायचं, वर्गाने म्हणायचं "गावाला गेलीय, येणारे". यंदा एक पोरगी परत आली, दारातच उभी, आत यावं की नको असं चाललेलं, मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "अगं ये ना, सोमवारी फळा तुझ्याकडंय!"